जुनी मोटार घेताना : आलिशान कार की पिकअप?



बेणे प्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त यांवर या पानांतून आम्ही नेहमी लिहितो. या खेपेस विषय मोटारींचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने मोटारीवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, उसाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला की पुढचे आठ-पंधरा दिवस गट कार्यालयात येणारे सभासद खताचे कमी आणि गाडीचे जास्त विचारतात. बिलाचे पैसे एकरकमी हातात येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत जुन्या गाड्यांचे दलालही गावात येतात. त्यांना आपल्या बिलाची तारीख आपल्या चिटबॉयइतकीच पाठ असते.

गेल्या हंगामात अणदूर भागातले एक वडीलधारे सभासद मुलाला घेऊन आले. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. सात एकर बागायत, त्यात चार एकर ऊस, दीड-दोन एकर कांदा, थोडा भाजीपाला आणि दारात चार म्हशी. मुलगा एकोणतीस वर्षांचा, कष्टाळू, निर्व्यसनी. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. काळी लांबलचक परदेशी बनावटीची कार, चामड्याच्या गाद्या, छताला काच. २०१३ चे मॉडेल, गाडी हैदराबादेत, किंमत साडेसहा लाख. ‘नवी होती तवा चाळीस लाखाची होती साहेब,’ मुलगा म्हणाला. दुसरा फोटो आप्पांनी दाखवला. शेजारच्या गावातल्या एका द्राक्ष बागायतदाराची पाच वर्षे वापरलेली बोलेरो पिकअप, मागणी पावणेसहा लाख.

मी म्हटलं, ‘आप्पा, यात विचारायचं काय? माल कोणता वाहायचाय ते बघा.’

आप्पा जरा गप्प झाले. मग मुलाला चहा सांगायला बाहेर पाठवून म्हणाले, ‘माल न्हाई साहेब, लगीन. सहा ठिकाणी दाखवून झालं. पोरगं शेती करतंय म्हणलं की फोन उचलत न्हाईत. दारात आसली गाडी आसली तर निदान पाहुणे घरात तरी येतील.’

या बोलण्याला हसू नये. आज आपल्या भागात किती घरांत ही चिंता आहे, हे गट कार्यालयात बसणाऱ्याला पुरते ठाऊक असते. त्यामुळे ‘कारचा नाद सोडा आणि पिकअप घ्या’ असा उपदेश करून मी मोकळा होऊ शकलो नाही. दोन्ही गाड्या त्यांच्याबरोबर जाऊन पाहिल्या. त्यात जे दिसले आणि जो हिशेब मांडला, तो इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

दारातल्या मोटारीवरून घराची पत ठरवायची रीत आपल्याकडे नवी नाही. आमच्या लहानपणी पांढरी अँबॅसडर दिसली की ‘कोण मोठा माणूस आला’ असे विचारत. १९८४ साली कॉन्टेसा आली, ती तर फक्त लांबूनच बघायची. पण गावाची कामे कोणी ओढली? मॅटाडोरने, जीपने, आणि १९८६ साली टाटांची ४०७ आली तिने. पुढे २००५ साली टाटांचीच ‘एस’ आली. तिला लोकांनी छोटा हत्ती म्हणायला सुरुवात केली, आणि बैलगाडी व ट्रक यांच्या मधली जागा भरून निघाली. आज महामार्गावर उभे राहून पाहिले तर सोलापूर बाजूला कांदा, टोमॅटो, दूध नेणाऱ्या पिकअपची रीघ दिसते. त्या गाडीची पत गावात कोणी बोलून दाखवत नाही, एवढेच.

आलिशान गाडीचा मराठवाड्यातला गाजलेला किस्सा बऱ्याच जणांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. त्यासाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज दिले, तेही ७ टक्के व्याजाने. ट्रॅक्टरच्या कर्जाला त्या वेळी व्याज किती जास्त पडत होते, यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून बरेच लिहून आले. मला त्यात दुसरीच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटते. दीडशे जण एकत्र गेले म्हणून कंपनी आणि बँक दोघांशी घासाघीस करता आली. सहकार आपला, आणि त्याचा धडा गिरवला त्यांनी! असो. मुद्दा असा की त्या गाड्या नव्या होत्या, घेणारे कारखानदार-व्यापारी होते आणि गाडी बिघडली तर पुण्याला पाठवायची ऐपत त्यांना होती. तेवढ्या वयाची तशी गाडी आज पिकअपच्या किमतीत मिळते. म्हणून ती पिकअपच्या खर्चात चालेल, अशी समजूत करून घेतली की माणूस फसतो.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मीसुद्धा अशीच एक जुनी भारी कार घेतली होती. घरच्यांना हौस, मलाही हौस. पहिल्या वर्षाची टिपणवही अजून आहे. सर्व्हिसिंग आणि ऑईल २२ हजार. चार टायर ५६ हजार. पुढचा एक दिवा दगड लागून फुटला; त्याची नुसती काच मिळत नाही, आख्खा दिवाच घ्यावा लागतो, तो ३८ हजार. एकूण १ लाख १६ हजार, आणि गाडी चालली किती, तर जेमतेम सहा हजार किलोमीटर. दुसऱ्या वर्षी उमरग्याच्या अलीकडे आपोआप बदलणारा गिअरबॉक्स बसला. गावचा मेकॅनिक बॉनेट उघडून बघत राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, याला हात लावायला कॉम्प्युटर लागतो.’ क्रेनवर घालून हैदराबादला नेली. दुरुस्तीचा आकडा १ लाख ९० हजार. शेवटी आहे त्या स्थितीत विकली. किती कमी किमतीला, ते घरीसुद्धा अजून नीट सांगितलेले नाही.

गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. तिचे सुटे भाग जुने होत नाहीत. चाळीस लाखांच्या गाडीचा दिवा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन हे चाळीस लाखांच्याच गाडीचे राहतात. साडेसहा लाखांत आपण फक्त पत्रा घेतो आणि त्यासोबत चाळीस लाखांची जबाबदारी घेतो.

अशा गाड्या स्वस्त का मिळतात, तेही पाहावे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली भागात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या गाड्या पडेल भावात देशभर पसरल्या. त्यांतली एखादी घ्यायची तर तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला हवा, आणि महाराष्ट्रात नोंद करताना इथला रस्ता कर भरावा लागतो. तो आकडा दलाल शेवटपर्यंत बोलत नाही. दुसरा प्रकार पुरात बुडालेल्या गाड्यांचा. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत महापूर आले. पाण्यात गेलेली गाडी धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यात विकली जाते. आलिशान गाडीत गादीखाली, दारात, पायाखाली सगळीकडे वायरी आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या असतात. त्यांत एकदा पाणी गेले की दोष सहा महिन्यांनी, वर्षाने एकेक करून बाहेर येतात. पाहायला जाल तेव्हा पायाखालचे मॅटिंग उचला, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. वास आणि गाळ लपत नाही.

हैदराबादची ती काळी कार मात्र पुरातली नव्हती. खरे सांगायचे तर गाडी सुंदर होती. आत बसल्यावर महामार्गावरच्या ट्रकचा आवाजसुद्धा बंद झाला. सहा एअरबॅग, ब्रेक असा की पोटातले पाणी हलू नये. आप्पांनी गादीवरून हात फिरवला आणि तो चटकन मागे घेतला, जणू आपल्या हाताचा चरा पडेल. मुलगा तर स्टेअरिंग सोडायला तयार नव्हता. पण दोन गोष्टी नडल्या. गाडी तीन वर्षांत चार मालकांच्या नावावर फिरली होती. चांगली वस्तू कोणी इतक्या लवकर हातावेगळी करीत नाही. आणि किलोमीटरचा आकडा ६१ हजार दाखवत असताना ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले होते. आकडा मागे फिरवता येतो. पेडल, स्टेअरिंगची कड आणि ड्रायव्हरच्या गादीची शिवण यांना खोटे बोलता येत नाही. अधिकृत वर्कशॉपमधल्या सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या तेव्हा विकणाऱ्याला एकाएकी दुसरे गिऱ्हाईक आठवले.

आणखी एक अडचण आप्पांच्याच लक्षात आली. वस्तीवरच्या पाणंद रस्त्यावर पावसाळ्यात ट्रॅक्टरची चाकोरी पडते. ही गाडी जमिनीला इतकी चिकटून की मधला उंचवटा पोटाला घासणार. ‘म्हंजी गाडी गावात ठेवायची आन आपण चालत यायचं,’ ते म्हणाले.

(जाता जाता एक गंमत. २०२५ साली देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. ते आपल्यासारख्यांच्या उसातून बनते, चांगली गोष्ट आहे. पण २०२३ पूर्वीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या १० टक्क्यांच्या हिशेबाने बांधलेल्या. त्यांचे ॲव्हरेज काहीसे घटते, आणि फार जुन्या गाडीचे रबरी पाईप व सील तपासून घ्यावे लागतात. जुनी पेट्रोल कार घेणाऱ्या सभासदाने आपल्याच उसाला शिव्या देण्याआधी मॅन्युअल वाचावे.)

आता पिकअपकडे वळू. येथेही डोळे झाकून व्यवहार करू नये. बागायतदाराची पिकअप बाहेरून नव्यासारखी रंगवलेली होती, आणि मला तीच शंका आली. जुन्या मालगाडीला ताजा रंग कशासाठी? पोते अंथरून खाली शिरलो. पाहायचे ते असे : चासीच्या दोन्ही दांड्या हाताने चाचपत जावे, कुठे वेल्डिंगची रेघ, पट्टी किंवा बाक लागतो का. मागचे पाटे मोजावेत. कंपनीने दिले त्यापेक्षा जादा पाटे घातले असतील तर गाडीने वाळू, मुरूम किंवा पाण्याची टाकी ओढली आहे असे समजावे. १.३ टन, १.७ टन असे वजन कंपनीने ठरवलेले असते. तीन टन ओढलेली गाडी दिसायला तशीच, पण डिफरन्शियल आणि क्लच आतून खल्लास. हौद्याच्या कोपऱ्यांत टोकदार वस्तूने टोचून पाहावे. खताची पोती वाहिलेल्या हौद्याचा पत्रा रंगाखाली सडतो. युरिया आणि पोटॅश यांच्याइतका लोखंडाचा वैरी दुसरा नाही. मग इंजिन थंड असताना चालू करायला सांगावे. विकणारा आधीच गरम करून ठेवतो, म्हणून न सांगता सकाळी लवकर जावे. सुरू होताना निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑईल खाते. ऑईल टाकायचे झाकण उघडल्यावर तिथून वाफेसारखा जोर येत असेल तर इंजिनचे काम जवळ आले.

या गाडीला मागे एकच जादा पाटा निघाला, चासी सरळ होती, हौद्याचा उजवा कोपरा सडलेला होता. कागद पाहिले तर फिटनेस दोन महिन्यांत संपत होते आणि ऑनलाईन चलनाचे साडेचार हजार थकलेले. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, हे विसरू नये. फायनान्सचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि नाव बदलण्याचे फॉर्म २९ व ३० यांवर सह्या झाल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नयेत. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असलेल्या मालगाडीला परवाना लागतो. आपली कोणत्या बाजूला बसते ते आरसी बुकावर वाचावे. साध्या हलक्या गाडीच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने दिला आहे. त्यामुळे घरचा मुलगा पिकअप चालवू शकतो.

हिशेब आपण नेहमीच्या मापात, म्हणजे उसाच्या टनात करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. उतारा कमी तसा दर कमी, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. समजा हातात टनाला २,५०० रुपये पडले. साडेसहा लाखांची कार म्हणजे २६० टन ऊस. एकरी ४० टनांनी साडेसहा एकराचा फड. आप्पांचा ऊस चारच एकर! खत, पाणी, मशागतीचा खर्च तर अजून धरलेलाच नाही. वर माझ्या वहीप्रमाणे वर्षाला ४५-५० टन नुसत्या निगेला.

पिकअप २३० टनांची. हीसुद्धा स्वस्त नव्हे. फरक एवढाच की ती काही परत देऊ शकते. देईलच असे मात्र नाही. अणदूर ते सोलापूर जाऊन-येऊन ११० किलोमीटर धरा. भरलेली गाडी लिटरला १२ देते, डिझेल ९० रुपये धरले तर सव्वाआठशे झाले. ड्रायव्हरचे ७००. टोल कारपेक्षा मालगाडीला जास्त, फुलवाडीच्या नाक्यावरची पाटी वाचली की कळते. भाडे ३,००० मिळाले तर टोल जाऊन तेरा-चौदाशे उरतात. त्यांतले पाचशे टायर, विमा, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेच पाहिजेत. राहिले आठ-नऊशे. कर्ज काढून घेतली आणि हप्ता ११ हजार असला तर महिन्याला तेरा-चौदा फेऱ्या केवळ हप्त्यासाठी. गावात आधीच किती पिकअप उभ्या आहेत, ते सकाळी सात वाजता चौकात जाऊन मोजावे. उभ्या असलेल्यांची संख्या जास्त दिसली तर भाड्याच्या भरवशावर घेऊ नये. जुन्या मालगाडीला खाजगी फायनान्सचे व्याजही चढे असते.

म्हणून मी आप्पांना भाडे विसरायला सांगितले आणि घरचा माल मोजायला बसवले. कांदा सोलापूर मार्केटला, वर्षाच्या वीस-बावीस गाड्या. भाजीपाला आठवड्यातून दोनदा. खताची पोती, पशुखाद्य, म्हशींना वाढे. आणि एक काम मी सुचवले : उसाची रोपे. पाच फुटी पट्ट्यात दोन फुटांवर लावण केली तर एकरी साधारण साडेचार हजार रोपे लागतात. लावणीच्या दिवसांत रोपवाटिकेतून शेतापर्यंत ट्रे नेणारी गाडी वेळेवर मिळत नाही, रोपे उन्हात सुकतात, आणि तक्रार शेवटी आमच्या टेबलावर येते. हे सगळे धरून आप्पा वर्षाला इतरांना जे भाडे देत होते, ते त्यांनी प्रथमच कागदावर पाहिले. १ लाख ३५ हजार. कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. मालगाडीत माणसे बसवू नका. नवरात्रात तुळजापूरला, अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेला, लग्नाच्या वऱ्हाडाला हौद्यात बायका-पोरे दाटीने उभी करून नेण्याची आपल्याकडे सवय आहे. कायद्याने त्याला मनाई आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि नुकसानभरपाई गाडीमालकाच्या जमिनीवर येते. जीव गेला तो वेगळाच. पिकअप घेतली म्हणजे घरची प्रवासाची सोय झाली असे समजू नये. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकाला नीट बसता येते. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर पाटे घातलेल्या गाडीत म्हाताऱ्या माणसाची पाठ मोडते. येथे कारचे पारडे जड आहे, हे मान्यच करायला हवे. ज्यांचा माल थोडा आणि दवाखान्याच्या, शाळेच्या फेऱ्या जास्त, त्यांनी पिकअप घेऊ नये. साधी, गावच्या मेकॅनिकला उघडता येईल अशी छोटी कार पाहावी. आलिशान नको, एवढेच माझे म्हणणे.

आप्पांनी पिकअप पाच लाख वीस हजारांना घेतली. थकलेले चलन विकणाऱ्याने भरले, सडलेला कोपरा नळदुर्गला वेल्डिंग करून घेतला. अडीच लाख कर्ज, बाकी रोख. मुलगा पंधरा दिवस कोणाशी धड बोलत नव्हता. नंतर त्यानेच हौद्याला रोपांचे ट्रे ठेवायला दोन मजली लोखंडी फळ्या करून घेतल्या. एका फेरीत आता दीड एकराची रोपे जातात. ही कल्पना आमच्या खात्यातल्या कोणाला सुचली नव्हती.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे पाहुणे येऊन गेले. आप्पा सांगत होते, मुलीच्या वडिलांनी दारातली पिवळ्या पाटीची गाडी पाहिली आणि आधी विचारले, ‘हप्ते किती राहिलेत?’ मुलगा म्हणाला, ‘कांद्याची पट्टी आली की निम्मं कर्ज फिटतंय.’ पाहुणे चहा घेऊन, ऊस बघून, विहिरीत डोकावून गेले. होकार अजून आलेला नाही. नकारही नाही.

रोपांच्या वाहतुकीसाठी ज्या सभासदांना आपली पिकअप लावायची असेल, त्यांनी आरसी बुक, विमा व फिटनेसच्या प्रती घेऊन गट कार्यालयात नाव नोंदवावे. फळ्यांचे माप आप्पांच्या मुलाकडून घेऊन ठेवले आहे.

— ऊस विकास अधिकारी